चिनी भाषकांना इंग्रजीतील ‘कूल’ कसा शिकवावा

चिनी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील ‘कूल’ हा बोलीतला शब्द शिकवायला घेतला, की पहिली अडचण ही येते की तो शब्द त्याला आधीच येत असतो. निदान त्याची स्वतःची तशी पक्की समजूत असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द ‘खू’ या रूपात चिनी बोलीत रुजला, तैवानमार्गे मुख्य भूमीवर पसरला आणि पुढे शब्दकोशांतही गेला. त्यामुळे वर्गात ‘कूल’ उच्चारताच विद्यार्थी मान डोलावतात आणि शिक्षकही हा शब्द झाला असे समजून पुढे जातो. त्यानंतर एखादा अमेरिकन सहकारी चहा नाकारताना ‘आय ॲम कूल’ म्हणतो, तेव्हा तोच विद्यार्थी गोंधळतो, कारण समोरच्याने एकाएकी स्वतःची स्तुती का करावी हे त्याला कळत नाही.

ऑनलाइन वर्गांतून चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या, किंवा चीन, तैवान, सिंगापूर येथे शिक्षण-नोकरीनिमित्त राहून तेथील सहाध्यायांना इंग्रजीत मदत करणाऱ्या मराठी भाषकांना हे टिपण उपयोगी पडावे. त्यातील चिनी शब्द प्रमाण चिनीतले, म्हणजे मँडरिनमधले असून ते मराठी कानाला जसे ऐकू येतात तसे लिहिले आहेत. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, त्यांची अक्षरे वेगळी दिसतील.

चिनी ‘खू’चा आवाका

शिकवण्याआधी शिक्षकाने हा चिनी शब्द नीट पाहून घ्यावा. ‘कूल’चा उच्चार टिपण्यासाठी चिनी लोकांनी जे अक्षर निवडले ते फार जुने आहे. त्याच्या डाव्या बाजूला मद्याच्या भांड्याचे चिन्ह आहे, आणि इसवी सन 100च्या सुमारास शू शन याने सिद्ध केलेल्या प्राचीन कोशात त्याचा अर्थ मद्याची दाट, तीव्र चव असा दिला आहे. तीव्रतेवरून ते अक्षर निर्दयतेकडे गेले: ‘त्सान-खू’ म्हणजे क्रूर, आणि ‘खू-शिंग’ म्हणजे छळाची शिक्षा. गंमत अशी की ‘खू-र’ या जोडशब्दात तेच अक्षर असह्य उकाडा दाखवते. म्हणजे मूळ इंग्रजी शब्दात गारवा, तर तो पेलणाऱ्या चिनी अक्षरात होरपळ. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगावी, कारण त्यांनाही ती बहुधा सुचलेली नसते, आणि दोन शब्द आवाजापुरते एक असून अर्थाने स्वतंत्र आहेत हे त्यांच्या मनावर त्यामुळे लवकर ठसते.

आजच्या बोलण्यात ‘खू’ म्हणजे रुबाबदार, वेगळा, पाहताक्षणी छाप पाडणारा. त्यात थोडा अलिप्तपणाही मिसळलेला असतो. फारसे न बोलणारा, सहसा न हसणारा, गॉगल लावून कोपऱ्यात उभा राहणारा तरुण चिनी नजरेत सहज ‘खू’ ठरतो. दूरस्थ, उंचावरून पाहणाऱ्या व्यक्तीसाठी ‘काओ-लंग’ हा जो शब्द तेथील तरुण वापरतात, त्याच्या हा अगदी शेजारचा. इंग्रजीत मात्र ‘शीज कूल’ असे जिच्याविषयी म्हटले जाते ती बाई अतिशय बोलकी असू शकते. ती समजूतदार आहे, उगाच ताण घेत नाही, तिच्याशी वागणे सोपे आहे, एवढेच बोलणाऱ्याला सुचवायचे असते. आपला नवा वरिष्ठ ‘कूल’ आहे असे ऐकून एखादा चिनी कर्मचारी त्याच्यापासून चार हात दूर राहू लागला, तर दोष त्या कर्मचाऱ्याचा नाही.

मराठी शिक्षकानेही येथे स्वतःला तपासावे. आपल्याकडे ‘तिचे आईबाबा एकदम कूल आहेत’ असे म्हणताना मुलांना मोकळीक देणारे, आधुनिक विचारांचे, असा अर्थ असतो. ही आपण आपल्या सोयीने केलेली काटछाट आहे, आणि तीच विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्यात अर्थ नाही.

प्रथम होकार, मग वर्णन

बहुतेक पाठ्यपुस्तके ‘कूल’ची सुरुवात विशेषण म्हणून करतात: कूल शूज, कूल कार, कूल हेअरकट. चिनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटवावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण विशेषणाचा भाग त्यांना ‘खू’मुळे फुकट मिळालेला असतो आणि त्याच्यावर वेळ घालवल्याने जुनी समजूत अधिक घट्ट होते. त्यांना अजिबात ठाऊक नसलेला आणि दैनंदिन संभाषणात सतत कानावर पडणारा उपयोग म्हणजे एका शब्दाचा होकार. ‘सात वाजता भेटू’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य आले, की उत्तर येते ‘कूल’. यात कौतुक नाही आणि रुबाबही नाही. बोलणे पोहोचले, मान्य आहे, इतकाच त्याचा आशय.

या ठिकाणी मराठी शिक्षकाला एक आयती सोय आहे. आपण अशा वेळी ‘चालेल’ म्हणतो, आणि चिनी माणूस ‘शिंग’ म्हणतो. त्या ‘शिंग’चा मूळ अर्थही चालणे, जाणे असाच आहे, आणि ‘चालणार नाही’ याला चिनीत तंतोतंत जोड म्हणून ‘पू शिंग’ आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाला जी गोष्ट समजावून सांगावी लागेल, ती आपल्याला नुसती दाखवता येते: फळ्यावर एका बाजूला ‘शिंग’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कूल’ लिहावे, आणि पहिला पूर्ण तास ‘खू’ हे अक्षर वर्गात येऊच देऊ नये. विद्यार्थी जेथे जेथे सवयीने ‘ओके’ म्हणतात, तेथे ‘कूल’ घालून पाहण्यास सांगावे.

जोडी शंभर टक्के जुळत नाही, हेही त्याच दिवशी सांगणे बरे. ‘शिंग’ तटस्थ आहे, तर ‘कूल’मध्ये थोडी खुशी असते. म्हणून समोरच्याने वाईट कारण सांगितले असेल तेव्हा ‘कूल’ वापरू नये. ‘मुलगी आजारी आहे, आज येऊ शकत नाही’ असा निरोप आला आणि ‘कळले’ या अर्थाने ‘कूल’ असे उत्तर गेले, तर मुलगी आजारी पडल्याचा आनंद झाल्यासारखे वाटते. तेथे ‘नो प्रॉब्लेम’ म्हणून पुढे ती लवकर बरी होवो असे एक वाक्य जोडावे.

उच्चार: ‘क’ कोणता आणि ‘ल’ कोठे

उच्चाराच्या बाबतीत विद्यार्थ्यापेक्षा मराठी शिक्षकालाच अधिक जपावे लागते. इंग्रजी ‘कूल’मधील पहिल्या व्यंजनात श्वासाचा झोत असतो, आपल्या हिशेबाने ते ‘क’पेक्षा ‘ख’च्या जवळ जाते. चिनी भाषाही मराठीप्रमाणे अल्पप्राण आणि महाप्राण यांत काटेकोर भेद करते, मात्र पिनयिन लिपीत अल्पप्राण ‘क’साठी रोमन ‘जी’ आणि महाप्राण ‘ख’साठी रोमन ‘के’ वापरतात. परिणामी आपण मराठी वळणाने स्वच्छ ‘कूल’ म्हटले, की चिनी कानाला तो ‘जी’ने सुरू होणारा शब्द ऐकू येतो आणि विद्यार्थी वहीत भलतेच लिहितो. अशा वर्गात शिकवताना ‘खूल’ म्हणण्याचा संकोच बाळगू नये. मराठीत ते विचित्र वाटले तरी इंग्रजीत तेच अधिक बरोबर आहे.

विद्यार्थ्याची अडचण शब्दाच्या शेवटी आहे. मँडरिनमध्ये अक्षराचा शेवट स्वराने, अनुनासिकाने किंवा उत्तरेकडच्या बोलीत ‘र’काराने होतो; ‘ल’ने कधीच होत नाही. त्यामुळे ‘कूल’चे ‘खू’ होते, किंवा बीजिंगकडचा विद्यार्थी असल्यास ‘खूर’सारखे काही होते. कँटनीज, म्हणजे हाँगकाँगकडची चिनी, बोलणाऱ्यांकडून अंत्य ‘ल’च्या जागी बहुधा ‘उ’सारखा स्वर येतो. यावर सोपा उपाय असा की अंत्य ‘ल’ एकटा शिकवूच नये. चिनीत अक्षराच्या आरंभी ‘ल’ भरपूर आहे, तेव्हा स्वराने सुरू होणारा शब्द पुढे जोडून ‘कूल इट’, ‘कूल आयडिया’, ‘कूल ऑफ’ अशी जोडउच्चारणे घ्यावीत. ‘खू-लिट’, ‘खू-लाय-डिया’ असे म्हणताना ‘ल’ आपोआप येतो. मग दुसरा शब्द हळूहळू दबक्या आवाजात आणावा आणि शेवटी जीभ ‘ल’च्या जागी टेकवूनच थांबावे.

सुराचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिनी ‘खू’ चौथ्या सुरात, म्हणजे वरून झपकन खाली पडणाऱ्या सुरात म्हटला जातो, आणि विद्यार्थी इंग्रजी ‘कूल’लाही तोच सूर लावतात. साध्या होकाराच्या जागी तो पडला, तर तुटक ऐकू येतो, जणू विषय मिटवून टाकला. विद्यार्थ्याला चार सूर जन्मापासून अवगत असल्याने त्याच भाषेत त्याला समजावता येते: साध्या होकारासाठी सूर खालच्या पट्टीत आणि आखूड ठेवावा; खऱ्या कौतुकासाठी तोच चौथा सूर वरून सुरू करून स्वर दुपटीने लांबवावा; आणि सपाट सुरात रेंगाळत म्हटलेला ‘कूल’ कानावर आला, तर समोरचा उपरोधाने बोलत असण्याची शक्यता गृहीत धरावी. हा तिसरा प्रकार ओळखता आला की पुरे. तो बोलून दाखवण्याचा सराव मी तरी घेणार नाही.

गारव्यापासून निवांतपणापर्यंत

पुढचे अर्थ सुटे सुटे पाठ करायला दिल्यास ते राहत नाहीत. त्यांची साखळी दाखवावी. ‘कूल’चा मूळ अर्थ थंडावा. त्यावरून न तापणारे डोके, म्हणजे शांत स्वभाव. आपणही ‘थंड डोक्याने विचार कर’ म्हणतोच, आणि चिनीतील ‘लंग-चिंग’ या शब्दातही थंड आणि शांत अशी दोन अक्षरे आहेत, त्यामुळे ही पायरी तिन्ही भाषांत एकसारखी आहे. दबावाखाली न डगमगणारी ही शांत वृत्ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत आदराची, ऐटीची ठरली, आणि 1940च्या दशकापासून जाझ वादकांच्या वर्तुळातून हा अर्थ सर्वदूर गेला. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना त्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. ज्याचे कौतुक तो ‘कूल’, जे पसंत ते ‘कूल’, जे मान्य ते ‘कूल’, आणि ज्यात काही बिघडलेले नाही तेही ‘कूल’. चिनी भाषेने या साखळीतली ऐटीची एकच कडी उचलली. उरलेल्या कड्या जोडून देणे हे शिक्षकाचे काम.

शेवटच्या कडीवर, म्हणजे ‘काही बिघडलेले नाही’ या अर्थावर, सर्वांत अधिक वेळ द्यावा. ‘आय ॲम कूल’ हा नम्र नकार येथूनच येतो: माझे ठीक चालले आहे, मला काही नको. चिनीत अशा वेळी ‘पू युंग ल’, म्हणजे ‘नको, गरज नाही’ म्हणतात. विद्यार्थ्याला हे वाक्य ‘मी रुबाबदार आहे’ असे ऐकू येते आणि त्याच्या संस्कारांत आत्मस्तुती बसत नसल्याने ते स्वतः म्हणायला तो धजत नाही. ‘आय ॲम कूल, थँक्स’ असे शेवटी आभार जोडून शिकवावे. आभारांमुळे अर्थ नकाराचाच आहे हे पक्के होते. ‘आय ॲम गुड’ हा नकार अधिक सर्वत्र चालतो, तेव्हा बोलताना तो वापरावा आणि ‘कूल’वाला निदान ओळखावा, इतकी सूट नवशिक्यांना द्यायला हरकत नाही.

भांडणानंतर ‘आर वी कूल?’ असे विचारतात, त्याचा अर्थ ‘आता मनात काही नाही ना?’ असा. चिनीत ‘मेइ शर’, म्हणजे ‘काही नाही, सोडून दे’, हे त्याच्या जवळचे उत्तर. आणि ‘नॉट कूल’ हा यातला सर्वांत धोक्याचा प्रयोग. चिनी विद्यार्थी त्याचा अर्थ ‘दिसायला खास नाही’ असा घेतो, तर बोलणारा त्याच्या वागण्यावर आक्षेप घेत असतो. खोलीतल्या सोबत्याचे जेवण न विचारता खाल्ले आणि तो ‘दॅट्स नॉट कूल’ म्हणाला, तर प्रश्न जेवणाच्या दर्जाचा नाही. येथे ‘क्वो-फन’, म्हणजे मर्यादा ओलांडली, हा चिनी शब्द देऊन टाकावा. वाजवीपेक्षा थोडा कडक आहे, पण कमी लेखण्यापेक्षा ते बरे.

शब्दयोगी अव्ययांची एक जोडी आवर्जून फळ्यावर घ्यावी. ‘कूल विथ’ म्हणजे मान्य असणे, आणि ‘कूल टू’ किंवा ‘कूल टुवर्ड’ म्हणजे निरुत्साही असणे. व्यवस्थापन एखाद्या प्रस्तावाला ‘कूल विथ’ असेल तर काम सुरू करावे. ‘कूल टू’ असेल तर प्रस्तावाला थंड प्रतिसाद मिळाला आहे. दुसरा प्रयोग बातम्यांत आणि औपचारिक लेखनात येतो, त्यामुळे विद्यार्थ्याला तो बोलण्याआधी वाचनात भेटेल. केवळ एका लहानशा शब्दाने अर्थ असा उलटतो, हे कामकाजाची इंग्रजी शिकणाऱ्यांना कोणत्याही यादीपेक्षा अधिक लक्षात राहते.

‘कीप युवर कूल’, ‘लूज युवर कूल’ यांत हा शब्द नाम होतो आणि अर्थ शांतपणा असा राहतो. ‘लंग-चिंग’ माहीत असणाऱ्याला ते अवघड नाही. ‘प्ले इट कूल’ मात्र वेगळे सांगावे, कारण चिनी ‘श्वा-खू’ त्याच्यासारखे दिसते. ‘श्वा-खू’ म्हणजे भाव मारणे, लोकांनी पाहावे म्हणून ऐट करणे. ‘प्ले इट कूल’ म्हणजे मनातली उत्सुकता दिसू न देणे. मोठ्या रकमेआधी येणारा ‘अ कूल मिलियन’सारखा प्रयोग अठराव्या शतकापासूनचा आहे, तो नुसता ओळखावा.

वाक्यरचनेतील दोन खोड्या

चिनी विशेषणाला ‘आहे’ लागत नाही, पण आधी बहुधा ‘हन’ लागतो, ज्याचा शब्दशः अर्थ ‘फार’. ‘हन खू’चे इंग्रजी मग ‘ही व्हेरी कूल’ असे होते: क्रियापद गळते आणि नको असलेला ‘व्हेरी’ चिकटतो. ‘हीज कूल’ हे एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखे म्हणून घेणे हा त्यावरचा उपाय. दुसरी खोडी ‘थाय खू ल’ या उद्गाराची. ‘किती भारी!’ असा त्याचा भाव, पण ‘थाय’चे शब्दशः भाषांतर ‘टू’ झाल्याने ‘इट्स टू कूल’ असे वाक्य तयार होते, आणि इंग्रजीत त्यातून अतिरेकाची किंवा खवचटपणाची छटा येते. अशा ठिकाणी ‘सो कूल’ बसवावे.

कोठे वापरू नये

चीनमधील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत, जिला आपली वृत्तपत्रे गाओकाओ म्हणतात, इंग्रजी लेखनाच्या प्रश्नात ली ह्वा नावाचा काल्पनिक विद्यार्थी वर्षानुवर्षे परदेशी मित्रांना आणि शिक्षकांना पत्रे लिहीत आला आहे. चीनमध्ये शिकलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो, म्हणून औचित्य शिकवण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे पात्र नाही. ली ह्वा मित्राला मोबाइलवर निरोप पाठवतो आहे: ‘कूल’ चालेल. तो परदेशी शिक्षकांना मुदतवाढ मागतो आहे: चालणार नाही. शिक्षकांनीच ‘कूल, सी यू ट्यूजडे’ असे उत्तर पाठवले: ते रागावलेले नाहीत आणि त्यांचे उत्तर थंडही नाही, मात्र त्यांनी वापरला म्हणून ली ह्वाने लगेच तोच शब्द उलट पाठवू नये, ‘थँक यू’ पुरेसे आहे. आयईएलटीएससारख्या परीक्षेच्या मौखिक भागात ओळखीच्या विषयांवर बोलताना ‘कूल’ आल्याने बिघडत नाही, पण लेखी निबंधात तो नको. सांत्वनाच्या प्रसंगी तर नाहीच.

काही तरुण विद्यार्थी याच्या उलट शंका काढतात. चिनीत ‘खू’चा नवेपणा ओसरला आहे आणि त्याजागी ‘श्वाय’सारखे शब्द अधिक ऐकू येतात, म्हणून इंग्रजी ‘कूल’ही शिळा झाला असेल असे त्यांना वाटते. तसे नाही. त्याच्या बरोबरीचे कित्येक शब्द आले आणि हास्यास्पद होऊन गेले, हा मात्र पिढ्यान्पिढ्या टिकून आहे आणि आजी व नात दोघींच्या तोंडी सहज शोभतो. परदेशी माणसाने बोलीतला एकच शब्द निर्धास्तपणे वापरायचा, तर हाच वापरावा.

सरावासाठी भाषांतर देऊ नये, कारण भाषांतर करायला बसलेला विद्यार्थी पुन्हा ‘खू’कडेच वळतो. त्याऐवजी प्रसंग चिनीत सांगावा आणि उत्तर इंग्रजीत मागावे: कोणी आणखी भात वाढू पाहतो आहे, कालच्या ओरडण्याबद्दल कोणी माफी मागितली, सहकाऱ्याने बैठक अर्धा तास पुढे ढकलली, मित्राने दुसऱ्याची खाजगी चिठ्ठी वाचली, शेजाऱ्याने नवी सायकल दाखवली, मैत्रिणीने परीक्षेत नापास झाल्याचे सांगितले. पहिल्या पाच प्रसंगांत ‘कूल’ पाच निरनिराळ्या रूपांत बसतो आणि सहाव्यात बसत नाही. सहाव्यालाही ‘कूल’ म्हणणारा विद्यार्थी असल्यास त्याच्याकडून होकाराचा पाठ पुन्हा करून घ्यावा. पाचव्यालाच तेवढा ‘कूल’ म्हणणारा अजून ‘खू’मध्ये अडकलेला आहे, आणि त्याची सुरुवात फळ्यावरच्या ‘शिंग’पासून करावी लागेल.